ओळखीचा मुक्काम

नागपुरांतील वडिलार्जित घर विकलें गेल्यावर सुटींत येणाऱ्या कुटुंबानें उतरावें कोठें? आप्तांचीं घरें लहान. म्हणून सीताबर्डीवरील एखाद्या हॉटेलांत मुक्काम पडतो आणि पुढच्या वर्षीं पावलें तेथेंच वळतात. स्टेशन व महाराजबाग जवळ, दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचीं संत्रीं दारांत, ही सोय खरीच. ज्या टेकडीवर १८१७ सालीं भोसले व इंग्रज यांची लढाई झाली, तेथील किल्ला मात्र २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या दिवशींच लोकांस खुला होतो. तो पाहावयाचा तर खोली आधीं ठरवावी. परंतु खरें कारण निराळें आहे. आजोबांचें घर न पाहिलेल्या मुलांस त्याच खिडकींतून तीच टेकडी वर्षानुवर्षें दिसते, आणि गांव आपलें वाटूं लागतें. घर गेलें तरी वाट बुजत नाहीं.