धानाच्या दाण्यात एकाचे दोन, दोनाचे चार

मृग लागला, की भंडारा जिल्ह्यात पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर, कुठेही जा, तेच. एक सर पडते, धान टाकले जाते, हिरवी टोके दिसू लागतात, आणि पाऊस दडी मारतो. कोवळे कोंब करपतात. मग घरधनी म्हणतात, ‘बियाणेच खोटे निघाले.’ शेतकरी बंधूंनो, दोष दर वेळी बियाण्याचाच असतो का? दाण्याच्या पोटात काय घडते ते जरा पाहू.

धानाचा दाणा म्हणजे शिदोरी उशाशी घेऊन झोपलेले बाळ. एका टोकाला असलेला इवलासा अंकुर हे बाळ, बाकीचा तांदूळ ही त्याची शिदोरी. पाणी मिळाले, की दाणा फुगतो. अंकुर जागा होऊन शिदोरीकडे सांगावा धाडतो. तिथे पाचक रस तयार होतात, तांदळातील पिठूळ भागाची साखर होते आणि ती अंकुराला मिळते.

घर जसे विटांचे, तसा अंकुर पेशींचा बनलेला असतो. आधी या पेशी पाणी पिऊन लांबतात आणि मोड बाहेर डोकावतो. मग मुळाच्या व कोंबाच्या शेंड्याशी पेशी दुभंगू लागतात. धानाच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात. वाणाचे गुण त्यांतच साठवलेले असतात. पेशी आधी त्यांची दुप्पट करते, मग मध्ये भिंत घालून दोन्हीकडे 24-24 वाटून देते. भावाभावांतही इतकी चोख वाटणी होत नाही! अशा एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होत रोप वाढते.

आता मुद्द्याची गोष्ट. दाणा नुसता भिजला असेल, मोड आला नसेल, तर तो पुन्हा वाळला तरी बहुधा तग धरतो. पण मूळ बाहेर पडून पेशी दुभंगू लागल्या, की परतीची वाट बंद होते. त्यानंतर ओल तुटली तर रोप वाचत नाही. म्हणून एका सरीवर भरवसा ठेवू नका. जमिनीत पुरेशी ओल होऊ द्या, किंवा विहिरीचे, तलावाचे पाणी हाताशी असेल तिथेच पऱ्हे टाका.

पेशींना हवाही लागते. मटकीला मोड आणताना घरच्या बाई पाणी निथळून ती फडक्यात बांधतात, ते उगीच नव्हे. पाण्यात बुडून राहिलेल्या धानाचा कोंब नुसता ताणून लांब होतो, मूळ मात्र नीट धरत नाही. मोड आलेले बी चिखलावर टाकले, तर त्यावर पाणी साचू देऊ नका.

बियाण्याची पारखही घरीच करा. 100 दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून उबेला ठेवा, बारदाना सुकू देऊ नका. आठवड्याने चांगले मोड मोजा. प्रमाणित धानात निदान 80 दाणे उगवले पाहिजेत. पेरणीपूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारे पोचट दाणे काढून टाका. त्यांच्याजवळ शिदोरीच तोकडी, आणि रोपाला तर साधारण तिसरे पान येईपर्यंत तिच्यावरच जगायचे असते. तळाचे दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा.

पाऊस आपल्या हाती नाही. दाणा कधी जागा करायचा, हे मात्र पुष्कळसे आपल्याच हाती आहे.