शिमल्याच्या व्हाइसरीगल लॉजमध्येच फाळणी ठरली का? भेट देण्याआधी हे वाचा

शिमल्याला गेलेले पर्यटक मॉल रोड, रिज आणि कुफरी करतात. वेळ उरला तर ऑब्झर्व्हेटरी हिलवरच्या दगडी व्हाइसरीगल लॉजसमोर फोटो काढतात. ‘फाळणी इथेच ठरली,’ असं या वास्तूबद्दल नेहमी सांगितलं जातं. नेमकं काय घडलं होतं?

वास्तू कोणाची?
१८६४ पासून शिमला ही ब्रिटिशांची उन्हाळी राजधानी होती. हेन्री अर्विन यांनी आराखडा केलेल्या या वास्तूत १८८८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन राहायला आले. त्या काळातही इथे विजेचे दिवे होते.

१९४५ मध्ये काय झालं?
२५ जून ते १४ जुलै या काळात लॉर्ड वेव्हेल यांनी इथे भारतीय नेत्यांची परिषद घेतली. व्हाइसरॉय आणि सरसेनापती वगळता कार्यकारी मंडळात सगळे भारतीय असावेत, असा प्रस्ताव होता. मंडळातले मुस्लिम सदस्य फक्त मुस्लिम लीगच सुचवेल, यावर जिना अडून बसले. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष होते मौलाना आझाद! काँग्रेसला ही अट मान्य होणं शक्यच नव्हतं. परिषद फिसकटली.

आणि १९४७ मध्ये?
मे महिन्यात माउंटबॅटन यांनी पाहुणे म्हणून आलेल्या नेहरूंना सत्तांतराचा मसुदा दाखवला. देशाचे तुकडे होतील, म्हणून नेहरूंनी तो फेटाळला. व्ही. पी. मेनन यांनी काही तासांत शिमल्यातच नवा मसुदा लिहिला. त्यावर आधारलेली योजना ३ जूनला दिल्लीत जाहीर झाली.

थोडक्यात, फाळणीची घोषणा इथे झाली नाही. मात्र तडजोडीची एक संधी इथे हुकली आणि सत्तांतराच्या योजनेला इथेच वळण मिळालं.

आता काय पाहता येतं?
स्वातंत्र्यानंतर ही वास्तू ‘राष्ट्रपती निवास’ झाली. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने ती अभ्यासकांना मिळाली. १९६५ पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. त्यामुळे तिकीट काढून, गाइडसोबत मोजकीच दालनं पाहता येतात. वेळा आणि सुटीचा दिवस आधी तपासा. आत गेल्यावर सागवानी जिना आणि जुनी छायाचित्रं निवांत पाहा. १९४५ च्या फोटोत आझाद आणि जिना दिसले, तर परिषद कुठे अडली ते लगेच लक्षात येईल.