परभणी ते जर्मनी, जहाजाच्या वाटेनं

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणताना आपली कॉलर ताठ होते. पण इथला माल खरंच जर्मनीला निघाला तर तो बहुधा न्हावा शेवा बंदरातून जहाजानं जाईल. त्या जहाजाची वाट कशी ठरते, याविषयी मात्र आपल्याकडे भलतेच समज आहेत.

समुद्र मोकळा, मग सरळ जायचं, हा पहिला. जुलैत अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारा जोरात असतो आणि सोकोत्रा बेटाच्या परिसरात लाटा खूप उंच उठतात. मुंबईहून एडनकडे जाणाऱ्या जहाजाला हे सगळं तोंडावर झेलावं लागतं. म्हणून कमी ताकदीच्या जहाजांनी पावसाळ्यात आधी बरंच दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावं, असा सल्ला नौकानयनाच्या जुन्या ग्रंथांतही आहे.

लवकर पोचायचं तर वेग वाढवा, हा दुसरा, आणि सगळ्यात महागडा. इंजिनाला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के कमी केला तर ताशी इंधन सुमारे 27 टक्क्यांनी घटतं. प्रवास लांबतो, तरी एकूण बचत 19 टक्क्यांच्या आसपास राहते. पुढे वादळ असेल तर शहाणा कप्तान वेग उतरवतो आणि वादळाला आधी जाऊ देतो.

अंदाज चुकतातच, मग उपयोग काय? परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला वाचून फवारणी पुढे ढकलणाऱ्या शेतकऱ्याला हे विचारून पाहा. पहिल्या काही दिवसांचा अंदाज भरवशाचा, पुढचा धूसर. म्हणून नवा अंदाज आला की जहाजाचा मार्गही पुन्हा तपासतात.

अर्थात, वाट एकटं हवामान ठरवत नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून युरोपकडची कित्येक जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली.

राहिला संगणकावरचा आंधळा विश्वास. 1 ऑक्टोबर 2015 रोजी ‘एल फारो’ हे अमेरिकी मालवाहू जहाज बहामाजवळ चक्रीवादळात बुडालं. 33 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. कप्तान ज्या हवामान-प्रणालीवर विसंबला होता, तिच्यातली वादळाची माहिती कित्येक तास शिळी होती. ताजी माहिती जहाजावर दुसऱ्या यंत्रावर येत होती.

आणि शेवटचा शब्द मालकाचा, हाही गैरसमजच. सुरक्षेसाठी कप्तानानं घेतलेल्या निर्णयात मालकालाही आडवं येता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.