कोंबड्याची कोळंबी

चिकनच्या दुकानात जाऊन कधीतरी चिकन न घेता नुसती पिसं मागून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग मागच्या पिंपाकडे बोट दाखवेल. घ्या हवी तेवढी, फुकट! पण पिंपात सगळी ब्रॉयलरची असतील तर फारसा उपयोग नाही. तो बिचारा जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, मानेवर धड पीस यायच्या आधीच त्याचा रस्सा होतो. आपल्याला हवाय वर्षभर अंगणात मिरवलेला गावठी कोंबडा. त्याच्या मानेवर लांब, निमुळती, उन्हात तांबूस चमकणारी पिसं असतात. नवी मुंबईत राहता ना? मग गटारीला दिवाळ्यापासून घणसोलीपर्यंत कुठल्याही गावात मित्राच्या घरी शब्द टाकून ठेवा.

या पिसांचं करायचं काय, तर जिग. म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ आणि मागे पिसांचा झुपका. पाण्यात सोडायचा, रॉडच्या टोकाने हलकेच उचलायचा, परत खाली पडू द्यायचा. बस्स. हल्ली रविवारी सकाळी जेट्टीवर रॉड घेऊन उभी असलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या डब्यात पाचशेच्या पुढचे चकचकीत परदेशी ल्यूर असतात आणि त्यातला एखादा पहिल्याच फेकीत तिवराच्या मुळात अडकून जातो. घरी बांधलेला जिग गेला तर एक गळ, एक मणी आणि वीस मिनिटं गेली. पण बांधायचं खरं कारण पैसे नाहीत. विकतचा ल्यूर बनवणाऱ्याने ठाण्याची खाडी पाहिलेली नसते. तुम्ही पाहिलेली असते. किंवा पाहावी लागते, कारण त्याशिवाय बांधणार काय?

तर आधी पाहा. आपल्या खाडीतला जिताडा काय खातो? छोटे मासे आणि कोळंबी. आता कोळंबी घाबरली की काय करते, हे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. ती पुढे पळत नाही. शेपटीचा फटका मारून मागच्या मागे उडते, मिशा आणि पाय मागे लोंबत राहतात. मग क्षणभर थांबून खाली बसते. जिगची सगळी गंमत इथेच आहे. दोरी बांधतो ते जड टोक म्हणजे कोळंबीची शेपूट आणि मागे लोंबणारी पिसं म्हणजे तिच्या मिशा. उचललं की पिसं मिटतात, सोडलं की फुलतात. मासा बहुतेकदा खाली पडतानाच घेतो. म्हणून पडताना दोरी अगदी ढिली सोडायची नाही, नाहीतर त्याने घेतलं आणि थुंकलं तरी तुम्हाला पत्ता नाही.

आता बांधणी. पिसं कोमट पाण्यात साबण घालून धुवा, वर्तमानपत्रावर सुकवा, डांबराच्या गोळीसोबत डब्यात ठेवा. गळ धरायला घट्ट बसणारी लॉकची पक्कड पुरते, ती टेबलाच्या कडेला बांधून टाका. गळात पितळी मणी ओवून तो नेढ्यापर्यंत सरकवा आणि त्याच्यामागे शिवणाच्या पॉलिस्टर दोऱ्याचे घट्ट वेढे घ्या. मानेची दोन पिसं अशी लावा की दोघांचा बाक बाहेरच्या बाजूला येईल. हा बाक चुकला तर पिसं एकमेकांना चिकटून काडी होते आणि पाण्यात काडीला कुणी विचारत नाही. लांबी गळाच्या दीडपट. बुडाशी राखीच्या उरलेल्या जरीचे दोन-तीन धागे. मग तिसरं पीस टोकाकडून बांधून गोल गोल गुंडाळत मण्यापर्यंत आणा, त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात, ते कोळंबीचे पाय. शेवटी गाठ आणि त्यावर बहिणीचं पारदर्शक नेलपॉलिश. (विचारून घ्या.) आणि हो, ब्रॉयलरचा मऊ पांढरा पिसारा अगदीच वाया जात नाही. जिलेबीचा रंग आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात बुडवला तर झकास नारिंगी होतो. गढूळ पाण्यात नारिंगी आणि काळा, हे दोनच रंग आधी करून बघा.

मणी पितळीच का? बाजारात मिळणारी बहुतेक जिगची डोकी शिशाची असतात, आणि हौशी मंडळी तर घरच्या गॅसवर शिसं वितळवतात. तेवढं मात्र करू नका. शिशाचा धूर आणि धूळ विषारी. पाण्यात पडलेलं शिसंही निरुपद्रवी नसतं. इंग्लंडमध्ये गळाला लावायची छोटी शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले, तेव्हा १९८७ साली त्यांच्यावर बंदी आली. आपल्याकडे हंस नाहीत, पण चिखल चाळून खाणारे रोहित आहेत. ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यानचा पट्टा २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. तिथे गळ टाकायचा नाही. बाहेर टाकाल तेव्हाही अडकलेली नायलॉनची दोरी कापून तशीच सोडू नका, ओहोटीला जाऊन काढा. ती पक्ष्यांच्या पायात अडकते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. पितळ शिशापेक्षा हलकं, त्यामुळे जिग सावकाश पडतो. तक्रार नाही, कोळंबीही सावकाशच बसते.

पिसांच्या बाबतीत मात्र हा छंद डोक्यात जाऊ शकतो. गळाला पीस बांधणं काही कालचं नाही. साधारण १८०० वर्षांपूर्वी इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात असं लिहून ठेवलंय. पुढे व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये सॅमन माशासाठी जगभरच्या दुर्मीळ पक्ष्यांची पिसं बांधायची फॅशन आली, आणि त्यात आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडाही सापडला. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असतात, तेवढ्यासाठी ही पिसं विलायतेला जायची. आज तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे आणि निर्यात बंद. पण वेड संपलं नाही. २००९ साली एडविन रिस्ट या विशीतल्या अमेरिकन पोराने, जो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकत होता, ट्रिंगच्या संग्रहालयाची खिडकी फोडून २९९ पक्षी पळवले. त्यातले काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. कशासाठी? तर गळाला बांधायच्या पिसांसाठी! गंमत म्हणजे या असल्या फॅन्सी गळांपैकी बरेचसे पाण्यात कधी जातच नाहीत, काचेच्या पेटीत राहतात. माशाला त्या दुर्मीळ पिसाचं कौतुक नसतंच.

त्यामुळे खाडीकिनारी रोहिताचं गुलाबी पीस पडलेलं दिसलं तर राहू द्या. गळून पडलेलं की उपटलेलं, हे नुसतं पीस बघून सहज सांगता येत नाही. कोंबडा आहे की.

आणि जिताडा लागलाच तर एक लक्षात असू द्या. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो धिप्पाड जिताडा बहुधा मादी असते, पावसाळ्यात लाखो अंडी घालणारी. फोटो काढा, पण पाण्यातच धरून काढा आणि सोडा. घरी न्यायचाच असेल तर मधल्या मापाचा न्या. कालवणाला तोच चांगला लागतो, हे माझं वैयक्तिक मत.

उरली वेळ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खाडी ढवळून चहासारखी होते, पिसं दिसणार कुणाला? अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, गाळ खाली. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट, सहा. आत खाडीत पाणी पोचायला थोडा उशीर धरा. म्हणजे सकाळी साडेपाचला जेट्टीवर, आणि जिग आदल्या रात्रीच बांधून ठेवलेला. नेलपॉलिश पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर पिसं दोऱ्यातून सुटतात.