अपूर्णांक घातांक आणि 'कट' झालेले शून्य

क्ष^(३/२) = ४क्ष^(१/२) हे समीकरण फळ्यावर आले की, मूर्तिजापूर असो वा मुंबई, वर्गातून एकच सूर निघतो : दोन्हीकडे क्ष^(१/२) आहे, कट करा, उरले क्ष = ४. (^ या चिन्हापुढचा कंस म्हणजे घातांक.) उत्तर चूक नाही, अपुरे आहे. क्ष = ० ठेवून पाहिले तर डावीकडेही शून्य, उजवीकडेही शून्य. 'कट' करणे म्हणजे भागणे, आणि शून्याने भागता येत नाही हे प्राथमिक शाळेपासून घोकलेले असते. घातांकात अपूर्णांक दिसला की मात्र ते कसे विसरले जाते, देव जाणे.

योग्य वाट साधी आहे. सगळी पदे एका बाजूला आणून सामाईक अवयव काढावा : क्ष^(१/२)(क्ष − ४) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे दोहोंपैकी एक अवयव शून्य; म्हणून क्ष = ० किंवा ४.

याच्या उलटही घडते. क्ष^(५/३) − ३क्ष^(२/३) − १०क्ष^(−१/३) = ० यात सर्वांत लहान घातांक −१/३ आहे, २/३ नव्हे; ऋण चिन्हाकडे इथेच दुर्लक्ष होते. तो सामाईक काढल्यावर कंसात क्ष² − ३क्ष − १० उरते, त्याचे अवयव (क्ष − ५)(क्ष + २). उकली ५ आणि −२. इथे शून्य ही उकल नाही, कारण क्ष^(−१/३) म्हणजे १ भागिले क्ष चे घनमूळ. शून्य कधी धरायचे आणि कधी सोडायचे, हे घातांकाचे चिन्ह सांगते.

'अवयव बरोबर पडले की ताळ्याची गरज नाही' हा दुसरा भ्रम. क्ष − क्ष^(१/२) − ६ = ० यात क्ष^(१/२) = य धरले की य = ३ किंवा −२. पण क्ष^(१/२) म्हणजे धन वर्गमूळ, ते −२ होत नाही. क्ष = ४ ठेवल्यास डावी बाजू −४ येते; उकल फक्त ९. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (११५०) असाच निवाडा आहे : माकडांच्या कळपाचा पाचवा भाग उणे तीन, त्याचा वर्ग गुहेत गेला, एक माकड उरले. उत्तरे येतात ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग उणे तीन ऋण होतो, म्हणून ५ त्यांनी नाकारले.

बाकीचे किरकोळ. क्ष^(१/२) म्हणजे क्ष चे निम्मे नव्हे. आठवीच्या बालभारतीतले 'घातांक व घनमूळ' प्रकरण उघडून पाहावे. ऋण घातांकामुळे संख्या ऋण होत नाही, ८^(−१/३) = १/२. (क्ष + ९)^(१/२) म्हणजे क्ष^(१/२) + ३ नव्हे; क्ष = १६ ठेवले की एकीकडे ५ येतात, दुसरीकडे ७. आणि क्ष^(२/३) = ४ ची उकल एकटी ८ नाही, −८ सुद्धा आहे : घनमूळ −२, त्याचा वर्ग ४.