आकडे कोण मांडणार?

वाई म्हटले की कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि 'दक्षिण काशी' एवढेच सांगितले जाते. फार तर मराठी विश्वकोशाच्या कार्यालयाचे नाव निघते. तालुक्यातील बौद्धवाड्यांतली मुले बारावीनंतर काय करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. कोणी एम.एस.सी.आय.टी. करतो, कोणी टॅली शिकतो आणि कोणाच्या तरी दुकानाचा जमाखर्च लिहायला बसतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्या संगणकावर दुसऱ्याच्या नफ्याचा हिशेब होतो, त्याच संगणकावर आपल्या समाजाचाही हिशेब मांडता येतो, हे या मुलांना सांगणार कोण?

या विद्येला संगणकीय अर्थशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण काम समजण्यासारखे आहे. माणसे कोणत्या नियमाने वागतात ते संगणकाला सांगायचे, ते हजारो वेळा चालवून पाहायचे आणि शेवटी समाजाचे कोणते चित्र उभे राहते ते तपासायचे. ही विद्या शिकणारा विद्यार्थी आतून बदलतो, असे आमचे म्हणणे आहे. कसा, ते बाबासाहेबांच्याच उदाहरणावरून पाहू.

वाईपासून पस्तीसेक किलोमीटरवर साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी शाळेत दाखल झाले. हाच मुलगा पुढे कोलंबियात अर्थशास्त्र शिकला आणि 1918 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भारतातील लहान शेतजमिनींवर त्याने एक निबंध लिहिला. त्या काळचे जाणकार एकच गोष्ट सांगत होते : जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब झाला, तेव्हा तुकडे जोडा. सगळे एकर मोजत होते. बाबासाहेबांनी विचारले, नुसते एकर मोजून काय कळणार? त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारे किती आणि रिकामे हात किती, याचे प्रमाण पाहिल्याशिवाय जमीन लहान की मोठी हे ठरतच नाही. त्यांचे उत्तर होते उद्योगीकरण. जास्तीचे हात शेतीतून बाहेर निघाले, तर जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. उत्तर पटो वा न पटो, विद्यार्थ्याने शिकायची गोष्ट वेगळी आहे. दिलेले गणित सोडवण्याआधी त्यांनी गणित कोणी आणि कशाच्या आधारावर मांडले, ते तपासले.

आजचा विद्यार्थी हेच पडद्यावर करू शकतो. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1971 साली एक नमुना प्रसिद्ध केला. पटावर दोन रंगांच्या सोंगट्या विखरून ठेवायच्या. शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या रंगाचे असले की सोंगटी समाधानी. नसले तर ती उठून रिकाम्या घरात जाते. मागणी एवढी माफक, तरी थोड्याच वेळात दोन रंगांच्या वेगळ्या वस्त्या तयार होतात! शेलिंग यांना 2005 साली नोबेल मिळाले.

पण गावकुसाबाहेर जन्मलेली वाईची मुलगी हा पट पाहील, तेव्हा तिला पहिला प्रश्न सुचेल तो असा : यातली प्रत्येक सोंगटी हव्या त्या रिकाम्या घरात जाऊ शकते, हे कोणी ठरवले? आमच्या आजोबांना तशी मुभा होती का? महारवाडा कोठे असावा हे गावाने ठरवले, महाराच्या आवडीनिवडीने नाही. मग ती नियम बदलेल. एका रंगाला काही घरे बंद करील, पुन्हा यंत्र चालवील आणि निघालेले चित्र आपल्या गावाच्या नकाशाशेजारी ठेवील. या क्षणी ती नुसती विद्यार्थिनी उरत नाही. पुस्तकातले गृहीतक तिने आपल्या अनुभवाच्या कसोटीवर घासलेले असते.

दुसरे उदाहरण जॉर्ज अकरलॉफ यांचे. 1976 च्या एका लेखात त्यांनी जातीचेच गणित मांडले. जातीचा नियम मनातून कोणालाही नको असला तरी तो टिकू शकतो. कारण नियम मोडणाऱ्याशी जो व्यवहार करील तोही वाळीत पडतो. म्हणून एकटा माणूस सुटू पाहील तर बुडतो. पुरेशी माणसे मिळून बाहेर पडली आणि आपसात व्यवहार करू लागली, तरच ती साखळी तुटते. बहिष्कार भोगलेल्या आपल्या समाजाला हे सांगायला परदेशी लेख कशाला हवा, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तो वाचल्यावर 1935 च्या येवल्याच्या घोषणेपासून 14 ऑक्टोबर 1956 पर्यंतची एकवीस वर्षे आम्हाला नव्याने दिसली. बाबासाहेब एकटे केव्हाही जाऊ शकत होते. ते लाखोंना घेऊन निघाले.

हे सारे आजच का सांगायचे? 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मुभा राज्यांना दिली, पण त्यासाठी आकडेवारीचा आधार लागेल असेही सांगितले. म्हणजे पुढची भांडणे आकड्यांवर होणार. कोणती जात मागे राहिली, ती कोणत्या निकषाने, कोणते वर्ष धरून, हे सूत्र लिहिणारा ठरवील. ते सूत्र उघडून वाचणारा आमच्यात नसेल, तर मोर्चा काढून आपण नेमके काय मागणार?

साधने महाग नाहीत. नेटलोगो हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि शेलिंगचा नमुना त्यात तयार आहे. बाबासाहेबांचा 1918 चा निबंध शासनाने छापलेल्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आहे, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ सहाव्यात. अनेक विहारांच्या कपाटांत हे खंड आहेत, काही ठिकाणी कुलूपबंद. वाई तालुक्यातील ज्या विहारात संगणक असेल, तेथे रविवारी दोन तास पाच मुले बसवावीत आणि सुरुवात आपल्याच गावापासून करावी : घरे किती, जमीन कोणाकडे किती, पाण्याचा नळ कोठपर्यंत आला.