टोपीकडून काडतुसाकडे

जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांच्या नकला आज इटलीत होतात. त्यांतील ‘रिचर्ड्‌स’ आणि ‘रिचर्ड्‌स-मेसन’ या दोन जाती वरवर पाहणारास एकच वाटतात. श्रोत्यांनी घोडा पाहावा. रिचर्ड्‌सचा घोडा सपाट. टोचणी चक्रामागच्या चकतीत, नेमाची खाचही तिच्यावरच. मेसनने टोचणी थेट घोड्याच्या नाकावर आणली, चकतीवरली खाच काढली, रिकामी काडतुसे ढकलण्याचा दांडाही साधा केला. काम कमी झाले. हातांनी काम केलेल्यालाच हे सुचते, असे आम्हांस वाटते.

पण मुळात हे जोडकाम का? पूर्वी दारू-गोळी पुढून ठासून मागे टोपी लावीत. काडतुसाला आरपार भोकांचे चक्र हवे, आणि त्याचे पेटंट रोलिन व्हाइटने १८५५ साली घेऊन पुढे स्मिथ अँड वेसनला वापरावयास दिले होते. त्याला दर नगामागे २५ सेंट. मात्र पेटंट मोडणाऱ्यांशी कोर्टात लढण्याचा खर्च त्याच्याच माथी! मलई कोणी खाल्ली, हे आम्ही सांगावयास नको. १८६९ त मुदत संपली. मुदतवाढीचे बिल अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० त परत धाडले. मग कोल्टने शिल्लक पडलेले टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचे भाग भंगारात न घालता कापून, चकती बसवून विकले. १८७३ चे नवे मॉडेल आल्यावरही हे काही वर्षे चाललेच.